खरा माणूस लपला की खोटा माणूस फोन उचलतो

मागच्या वर्षी मे महिन्यात माझ्या मावशीचं पाण्याचं मशीन बंद पडलं. मुलुंडला राहते ती, ६७ वर्षांची, एकटी, लाइटबिल फोनवरून भरते, भाजी ऑनलाइन मागवते, हे आधीच सांगते कारण असलं काही घडलं की लोक पहिलं विचारतात "त्यांना कळलं कसं नाही?" तर ती आधी रीतसर कंपनीच्या वेबसाइटवर गेली. पहिल्या पानावर फोन नंबर नाही. कोपऱ्यात एक गोल चिन्ह, दाबलं की चॅटबॉट उघडतो, त्याने चार पर्याय दिले आणि चारही तिच्या कामाचे नव्हते, पाचवं काही लिहिलं तर पुन्हा तेच चार पर्याय. मग "संपर्क साधा" वर गेली तर तिथे फॉर्म, त्यात मॉडेल नंबर, सिरियल नंबर, बिलाची तारीख, सगळं भरल्याशिवाय पुढेच जाईना, आणि सिरियल नंबर मशीनच्या मागच्या बाजूला, मशीन भिंतीला ठोकलेलं. अर्धा तास गेला यात. मग तिने तेच केलं जे आपण सगळेच करतो, गुगलवर कंपनीचं नाव टाकून पुढे "कस्टमर केअर नंबर" लिहिलं आणि जो पहिला नंबर आला तो लावला.

दुसऱ्या रिंगला फोन उचलला. मराठीत बोलला तो मुलगा. स्वतःचं नाव सांगितलं, "आई, काळजी करू नका, आज संध्याकाळपर्यंत माणूस पाठवतो" म्हणाला, पाणी कुठून गळतंय ते शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. फक्त १० रुपये नोंदणीचे भरायचे आणि त्यासाठी एक अ‍ॅप टाकायचं. ते अ‍ॅप म्हणजे समोरच्याला आपली स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप. ३८ हजार गेले.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, लगेच फोन केला, तक्रार नोंदवली, त्यातले ११ हजार मधेच अडकवता आले म्हणून वाचले, बाकीचे गेले ते गेलेच. पण मला जे लागलं ते वेगळंच. रात्री तिच्याकडे बसले होते, तिला रागावायचं नाही असं ठरवून गेले होते, तरी तोंडातून निघालंच की मावशी, अगं अनोळखी माणसाचं ऐकून अ‍ॅप कशाला टाकलंस. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "अगं, दिवसभरात तो एकटाच तर माझ्याशी नीट बोलला."

हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. मी १४ वर्षं मुंबईतल्या छोट्या-मोठ्या दुकानांच्या वेबसाइट बनवते, त्यामुळे मला हे स्वतःच्या धंद्याबद्दल बोललेलं वाटलं. खऱ्या कंपनीने आपला माणूस चॅटबॉट आणि फॉर्मच्या मागे लपवला, ती जागा रिकामी ठेवली, आणि त्या रिकाम्या जागेत चोर येऊन बसला. फसवणारा काय वेगळं देत होता? फोन लगेच उचलत होता, नाव सांगत होता, आपल्या भाषेत बोलत होता. म्हणजे ग्राहकाला नेमकं काय हवंय हे चोराला कंपनीपेक्षा जास्त चांगलं कळलंय. माझं म्हणणं एवढंच आहे की वेबसाइटवर माणूस सापडणं ही सजावट नाही, ती सुरक्षेची गोष्ट आहे, आणि जी कंपनी आपला माणूस लपवते तिच्यावर त्या फसवणुकीची थोडी तरी जबाबदारी येतेच.

आता "माणूस दिसणं" म्हटलं की आमच्या धंद्यात लगेच काय करतात ते सांगते. एक फोटो टाकतात. कानाला हेडसेट लावलेली हसरी मुलगी, मागे धूसर ऑफिस, खाली "आम्ही सदैव तुमच्या सेवेत". ती मुलगी त्या कंपनीत कधीच नसते, फोटो विकत घेतलेला असतो, तोच चेहरा लॅबच्या वेबसाइटवर, तोच पॅकर्स-मूव्हर्सच्या, तोच क्लासच्या. मी स्वतः असे फोटो टाकलेत, पहिली तीन-चार वर्षं तर सर्रास, आणि आता त्याचं वाईट वाटतं कारण ते खोटंच होतं. लोकांना कळत नाही असं आम्हाला वाटायचं, पण कळतं. जेकब नील्सन म्हणून वेबसाइटच्या वापरावर आयुष्यभर काम केलेले गृहस्थ आहेत, त्यांनी २०१० मध्ये लिहून ठेवलंय की वाचणाऱ्याची नजर कुठे जाते हे यंत्राने मोजलं तेव्हा नुसते शोभेचे फोटो लोक चक्क ओलांडून जातात आणि खऱ्या माणसांचे फोटो मात्र थांबून बघतात. त्याच्याही आधी, २००२ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठात बी. जे. फॉग यांच्या गटाने तीन वर्षं साडेचार हजारांहून जास्त लोकांबरोबर काम करून वेबसाइट विश्वासार्ह कशाने वाटते याचे दहा मुद्दे काढले होते. त्यात तीन मुद्दे सरळ माणसांचे आहेत, वेबसाइटमागे खरी संस्था आहे हे दाखवा, तिच्यामागे प्रामाणिक माणसं आहेत हे दाखवा, आणि तुमच्याशी संपर्क करणं सोपं ठेवा. २००२! तेव्हा आपल्याकडे लोक सायबर कॅफेत तासाचे पैसे देऊन ईमेल बघायचे. एवढी जुनी गोष्ट आहे ही, आणि आपण गेल्या काही वर्षांत बरोबर उलट्या दिशेने चाललोय.

आणि आता तर चेहरा हा पुरावाच राहिला नाही. २०१९ मध्ये एक वेबसाइट आली होती, पान उघडलं की एक नवीन माणसाचा चेहरा दिसायचा आणि तो माणूस जगात नसायचाच, कॉम्प्युटरने बनवलेला. तेव्हा गंमत वाटली होती. आता कोणीही पाच मिनिटांत अख्खी "आमची टीम" तयार करू शकतो, आठ चेहरे, आठ नावं, आठ हुद्दे, एकही खरा नाही. रिव्ह्यूचं तेच. सरकारने २०२२ च्या नोव्हेंबरात ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी मानक आणलं, आय.एस. १९०००, पण ते ऐच्छिक, ज्याला पाळायचंय त्याने पाळावं. त्यामुळे फोटो टाका, रिव्ह्यू टाका, व्हिडिओ टाका असले सल्ले आता मी कुणाला मनापासून देऊ शकत नाही.

मग काय उरतं? मला वाटतं उत्तर आपल्या बाजारातच आहे. दादरला रानडे रोडवर साडी घ्या नाहीतर लालबागला चिवडा घ्या, काही बिनसलं की आपण काय विचारतो? "मालक कुठे आहेत?" सेल्समनशी वाद घालत नाही आपण, सरळ गल्ल्याकडे बघतो. गल्ल्यावर कुणीतरी बसलेलं असतं, मालक नाहीतर त्याचा भाऊ, मुलगा, सून, आणि तो माणूस चष्म्यावरून बघून म्हणतो, "काय झालं, दाखवा." बदलून देईल, कदाचित नाही देणार, पण उद्या तो तिथेच बसलेला असेल हे आपल्याला माहीत असतं. विश्वास त्याच्या चेहऱ्यावर नसतो, तो उद्या सापडेल यावर असतो. भाजीवाल्याकडे क्यूआर स्कॅन केल्यावर स्क्रीनवर भलतंच नाव आलं तर आपला अंगठा थांबतो की नाही? "हे कोणाचं नाव आलं?" आणि तो म्हणतो, "बरोबर आहे ताई, पोराचं खातं आहे." मग पैसे जातात. २० रुपयांच्या कोथिंबिरीला आपण एवढं विचारतो, आणि वेबसाइटवर ८ हजारांचा मिक्सर घेताना विचारायला कुणी नसतं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या दुकानदारांना मी आता एकच विचारते, तुमच्या वेबसाइटवर "मालक कुठे आहेत?" याचं उत्तर आहे का. उत्तर म्हणजे जे तपासता येतं ते. पूर्ण पत्ता, नुसतं "अंधेरी पूर्व, मुंबई" नाही, इमारतीचं नाव, गाळा नंबर, जवळची खूण. फोन नंबर पहिल्याच पानावर, वर, मोठा. जीएसटी नंबर, तो १५ आकडी-अक्षरी असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की तो कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. खाण्याचा पदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी परवान्याचा, १४ आकडी नंबर. हे रुक्ष वाटतं, डिझायनर लोक नाकं मुरडतात की पान बिघडतं, पण बनवलेल्या चेहऱ्याला गाळा नंबर नसतो. आणि त्या कोरड्या आकड्यांच्या शेजारी एक माणूस, ज्याला फोनवर नावाने मागता येईल.

कायदा काय म्हणतो तेही बघा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला २० जुलै २०२० ला, आणि त्याच आठवड्यात २३ जुलैला ई-कॉमर्सचे नियम आले. त्यात स्पष्ट आहे की ऑनलाइन विकणाऱ्या प्रत्येकाने आपलं कायदेशीर नाव, मुख्यालयाचा आणि शाखांचा पत्ता, ग्राहक सेवेचा फोन-ईमेल, आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, संपर्क वेबसाइटवर दाखवायचा. नुसता हुद्दा नाही, नाव. तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा. वाचायला फार छान. प्रत्यक्षात हे नाव कुठे असतं माहितीये? पान खाली खाली खाली ओढत गेलात, अगदी तळाशी राखाडी अक्षरांत "अटी व शर्ती", त्यात बावीस परिच्छेद, त्यातल्या एकोणिसाव्यात. नियमात सहज सापडेल असं, स्पष्ट दाखवा असंच म्हटलंय, पण सहज म्हणजे किती सहज हे मोजायला कोण बसलंय?

इथे मला सरकारकडे एक मागणी करायची आहे आणि ती मी गंभीरपणे करते आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने डार्क पॅटर्नबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं काढली, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या वेबसाइटच्या युक्त्या, अशा १३ युक्त्या त्यात नावानिशी दिल्यात. "फक्त २ शिल्लक" असं खोटं घाबरवणं, न विचारता कार्टमध्ये वस्तू सरकवणं, वर्गणी बंद करायचं बटण सापडूच न देणं, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं. चांगली यादी आहे. पण माणसाशी बोलायची वाट मुद्दाम लपवणं त्या यादीत नाही. ती चौदावी युक्ती म्हणून घालायला हवी. वर्गणी बंद करायचं बटण लपवणं जर फसवणूक असेल तर "मला माणसाशी बोलायचंय" हे बटण लपवणं त्याहून मोठी आहे, कारण पहिल्यात महिन्याचे दोन-तीनशे जातात आणि दुसऱ्यात माझ्या मावशीसारखं अख्खं खातं उघडं पडतं.

कंपन्यांचं म्हणणं मला माहितीये, मीटिंगमध्ये शंभरदा ऐकलंय. माणूस महाग पडतो, बॉट २४ तास जागा असतो, नव्वद टक्के प्रश्न तेच ते असतात. खरं आहे, ऑर्डर कुठपर्यंत आली हे सांगायला माणूस नको, ते बॉटने सांगावं, मलाही तेच बरं वाटतं. पण स्वीडनच्या क्लार्ना कंपनीचं उदाहरण घ्या, २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आमचा एआय सहायक ७०० माणसांचं काम करतो, जगभर बातमी झाली, आणि २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं की ग्राहकाला हवा असेल तेव्हा माणूस मिळालाच पाहिजे, आणि ग्राहक सेवेत पुन्हा माणसं घ्यायला सुरुवात केली. कॅनडात एका विमान कंपनीच्या चॅटबॉटने प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं, कंपनी म्हणाली बॉट जे बोलला त्याला आम्ही जबाबदार नाही, आणि २०२४ मध्ये तिथल्या लवादाने निकाल दिला की तुमच्या वेबसाइटवर जे आहे ते तुमचंच आहे, भरपाई द्या. म्हणजे बॉट ठेवला म्हणून मालक सुटत नाही.

छोट्या दुकानदाराची अडचण मात्र खरी आहे आणि ती मी झटकून टाकणार नाही. दोन माणसांचं दुकान, एक माल बघतो एक गिऱ्हाईक, फोन कोण उचलणार? मी त्यांना सांगते, चोवीस तास लिहूच नका. "सकाळी ११ ते रात्री ८, सोमवारी बंद" एवढं खरं लिहा आणि त्या वेळेत उचला. "२४ तास सेवा" लिहून रात्री न उचललेला एक फोन जितकं नुकसान करतो तितकं "सोमवारी बंद" कधीच करत नाही.

आणि एक गोष्ट आहे जी "तुमचा चेहरा दाखवा, तुमची गोष्ट सांगा" असं सांगणाऱ्या मार्केटिंगच्या लोकांना कधी दिसतच नाही. घरातून धंदा करणाऱ्या बायका. डोंबिवली, पार्ले, गोरेगाव, किती जणी आहेत, केक, मोदक, ब्लाउज, शिकवण्या. त्यांना सांगा की फोटो टाका, नंबर टाका, पत्ता टाका, आणि मग रात्री साडेअकराला कुणाचे मेसेज येतात ते त्यांना विचारा. एकीने मला सांगितलं, "फोटो काढून टाक ताई, ऑर्डर कमी आली तरी चालेल." मी लगेच काढला. दुसरी अडचण आडनावाची. आडनाव टाकलं की या शहरात धर्म कळतो, जात कळते, आणि काही लोक तेवढं बघून ऑर्डर बदलतात, ज्याने घर भाड्याने शोधलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून माणूस दिसायला हवा याचा अर्थ प्रत्येकाने स्वतःला उघडं करावं असा मी कधीच घेणार नाही. धंद्यासाठी वेगळा नंबर, फक्त पहिलं नाव, माल द्यायला घराऐवजी ओळखीच्या दुकानाचा पत्ता, एवढ्यावर छान काम चालतं. चेहरा गेला तरी चालेल, उत्तर देणारं कुणीतरी राहायला हवं. आणि इथेच मोठ्या कंपनीची सबब मला पटत नाही, जिचं ऑफिस बीकेसीत, वांद्र्याच्या त्या मोठमोठ्या ऑफिसांच्या भागात आहे, जिच्या माणसाला रात्री घाबरायचं काही कारण नाही, तीच सगळ्यात जास्त लपून बसते, आणि घरातून लाडू विकणारी बाई स्वतःचा नंबर देऊन उघड्यावर उभी असते.

भाषेचंही बोलायला हवं. दुकानांवर मराठी पाट्या लागाव्यात म्हणून किती वर्षं भांडण चाललं, २०२२ मध्ये कायद्यात बदल झाला, २०२३ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली, मग पाट्या लागल्या. मला त्याचा आनंद आहे. पण आज खरेदी जिथे होते त्या दुकानाला शटरही नाही आणि पाटीही नाही, तिथे मराठीत बोलणारा माणूस मागायला कुणी मोर्चा काढलेला मला दिसला नाही. माझ्या मावशीशी मराठीत बोलला तो चोर. कंपनीचा बॉट इंग्रजीत होता.

आमच्या एका गिऱ्हाइकाचं सांगते. लालबागला मसाल्याचं दुकान, सासऱ्यांपासूनचं, आता सून बघते. बेडगी, संकेश्वरी, लवंगी, पांडी, मार्च ते मे तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि खोकल्याशिवाय उभं राहता येत नाही. तिला वेबसाइट हवी होती, मी आधी नेहमीसारखी बनवली, लाल मिरच्यांचा देखणा फोटो, "परंपरेची चव" वगैरे. तीन महिन्यांत ऑर्डर हाताच्या बोटांवर. मग आम्ही ते सगळं काढलं. पहिल्या पानावर तिचं पहिलं नाव, दुकानाचा नंबर, आणि तिने स्वतः सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं, "दुपारी कांडप चालू असतं, आवाजात ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोला." मालवणी मसाल्यात कुठली मिरची किती घालते तेही लिहिलं. पुढे एका खेपेला कुरिअरमध्ये पाकिटं फुटली, नाशिकला आणि पुण्याला मसाला सांडलेला पोचला. मी म्हटलं फोन येतील त्यांना बदलून दे आणि विषय संपव. ती ऐकेना. तिने वेबसाइटवर लिहायला लावलं, "एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाठवलेली पाकिटं पातळ होती, चूक आमची आहे, ज्यांची फुटली त्यांनी फोन करा, पुन्हा पाठवते." मला वाटलं होतं गिऱ्हाईक बिचकेल, पण त्या महिन्यात फोन वाढले, आणि निम्म्या लोकांचं पाकीट फुटलेलंच नव्हतं, ते नवीन होते.

फसवणूक झाल्यापासून मावशीने ऑनलाइन काही घेणं बंदच केलं होतं. परळच्या चाळीत असताना ती दरवर्षी लालबागला स्वतः उभी राहून मसाला करून आणायची, आता गुडघे साथ देत नाहीत. या एप्रिलमध्ये मी तिला त्या दुकानाचं पान उघडून दिलं. तिने पत्ता दोनदा वाचला, गाळा नंबर वाचला, मग नंबर लावला, स्पीकरवर. दोन किलो मालवणी सांगितला, लवंगी कमी घाल म्हणाली, आणि पैशांचं निघालं तेव्हा थांबली.

"तू दुकानातूनच बोलतेस ना गं? खरंच?"

"हो मावशी," पलीकडून ती ओरडूनच बोलत होती, "थांबा, फोन मशीनजवळ नेते, ऐका."